सातभाईंचा ताकभात

११ मार्च २०२५

मागच्या अंगणात आज एक सातभाई पडलेला सापडला. मेला नव्हता. दोन्ही पंख जमिनीला टेकवून बसला होता, दमलेला माणूस हातातल्या पिशव्या खाली ठेवतो तसा. मी जवळ गेले तरी उडाला नाही. बाकीचे त्याच्याभोवती गोळा होऊन ओरडत होते. ते भांडणारे पक्षी आहेत, पण आजचं ओरडणं भांडणाचं नव्हतं.

ही वही माझ्या लेकीनं, मैत्रीनं दिलेली. म्हणाली, "आई, फोनवर मला नुसतं 'बरं आहे' सांगतेस. खरं इथे लिही." पोरगी नोएडाला राहते, रविवारी येते. तिला काय काय सांगणार.

मला लिहायची सवय नाही. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाचून शिकले, इथे दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, दुपारी, शब्दकोश मांडीवर घेऊन. वाल्मीक ऑफिसातून जुनी मासिकं आणायचे. ते होते तोवर मी त्यांचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही. इथे लिहिते. वाल्मीक.

सातभाई त्यांचेच. शेवटच्या आजारपणात खाट खिडकीशी होती. घास गिळवत नव्हता म्हणून मी रात्रीच ताकभात कालवून ठेवायची, सकाळपर्यंत तो लोण्यासारखा मऊ व्हायचा. ते दोन चमचे खायचे आणि उरलेला पक्ष्यांना घालायला लावायचे. त्यांना जाऊन वर्ष उलटलं. मी अजून तसाच कालवते, तेवढाच. आधी सातभाईंना, मग उरलेला मी. जानेवारीत स्मृतिदिनाला पुण्यानुमोदनाच्या खिरीसाठी सासूबाईंचं पितळी पातेलं काढलं होतं, नवी कल्हई करून. त्याच्या काठावर 'चि. वाल्मीक' कोरलेलं आहे. ते पुन्हा माळ्यावर टाकवलं नाही. हल्ली भात त्यातच कालवते.

१३ मार्च

तो गेला. बुटाच्या खोक्यात घालून कडुलिंबाखाली पुरला. संध्याकाळी दुसरा तसाच बसलेला दिसला.

सोसायटीचे अध्यक्ष सूर्यकांतराव आले होते. समोरच्याच ब्लॉकमध्ये राहतात, मूळ साताऱ्याचे, रिटायर होऊनही आवाज ऑफिसातलाच. खोक्याची हकीकत ऐकून त्यांनी भिंतीकडे बोट केलं. भिंतीपलीकडे नाला आणि नाल्यापलीकडे पत्र्याची शेड. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडतात, शिसं वितळवतात. वारा इकडचा असला की घशात खवखवतं. ते म्हणाले, इतके दिवस माणसं खोकली तर कुणी विचारलं नाही, आता पक्षी मेलेत तर वर्तमानपत्र तरी विचारेल. मला हे बोलणं आवडलं नाही. पण खोटंही वाटलं नाही.

पोटात कळ येते आहे मधून मधून. तोंडाला पैसा चघळल्यासारखी चव. मलाही धूर बाधत असणार.

१९ मार्च

आज स्वतःच शेडवर गेले. नाल्यावरच्या पाइपवरून लोक जातात तशी नाही, पूल गाठून, वळसा घेऊन. दम लागला. पूर्वी एवढ्यानं लागत नसे.

शेड चालवणारा राघव नावाचा तिशीचा माणूस आहे. उघड्या हातांनी बॅटऱ्या फोडत होता. मला बसायला खोकं दिलं. मी सांगितलं, तुझ्या धुरानं माझे पक्षी मरतात. तो शेडच्या छपराकडे बघून हसला. तिथे कावळे आणि साळुंक्या बसल्या होत्या.

"अम्मा, हमारे यहाँ तो कौवे भी मोटे हैं। आपके यहाँ क्या खाते हैं?"

चिडले मी. म्हटलं, माझ्याकडे घरचा भात खातात. परत येताना सगळी वाट त्याला मनात उत्तरं देत होते. या माणसाला सोडायचं नाही.

जाता जाता पाहिलं, तोही पोट दाबून उठत होता.

२५ मार्च

मैत्रीनं मोबाइलवर शोधून एका पक्ष्यांच्या डॉक्टरचा पत्ता काढला. अपूर्वा नाव, नाशिकची मुलगी, इथल्या एका संस्थेत जंगली पक्ष्यांवर काम करते. तिसरा सातभाई टोपलीत घालून ऑटोनं घेऊन गेले. वाटेत ऑटोवाल्यानं विचारलं, कोंबडी आहे का. म्हटलं, पाहुणा आहे.

अपूर्वानं त्याला असं धरलं की तो ओरडायचाच थांबला. छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलं होतं. पोट भरलेलं, पण खाल्लेलं पुढे सरकत नव्हतं. विष्ठा हिरवीगार. ती म्हणाली, "काकू, शिशाची शंका आहे." काय खातात विचारलं. ताकभात म्हटल्यावर हसली, म्हणाली, माझी आजीही मला तोच द्यायची. मग पार्कातले, नाल्याकडचे सातभाई कसे आहेत विचारलं. मला माहीत नव्हतं. माझं लक्ष माझ्या सात जणांवरच. आता सात राहिलेले नाहीत.

टोपली रिकामी घेऊन आले. पक्षी तिच्याकडे ठेवून घेतला.

३ एप्रिल

तो पक्षीही गेला. यकृतात शिसं निघालं, भरपूर.

तिनं दिलेली माहिती दिवसभर वाचली. शब्द अडले तिथे फोन केला, ती कंटाळली नाही. मला समजलं ते असं: शरीराला शिसं ओळखता येत नाही. हाड त्याला चुना समजून आत ठेवून घेतं. मग ते वर्षानुवर्षं तिथेच राहतं आणि थोडं थोडं बाहेर पडतं. मज्जातंतू आधी मरतात, म्हणून पंख उचलत नाहीत.

सूर्यकांतरावांना अहवाल दाखवला तर त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. तक्रार त्यांनीच इंग्रजीत लिहिली, सही माझी. त्यांच्या ओळखीनं तारीखही लगेच मिळाली, २१ला प्रदूषण मंडळाचे अधिकारी पाहणीला येणार. ते म्हणाले, "वहिनी, बिल्कुल केस पक्की आहे. तुम्ही फक्त रडू नका, ठाम बोला." मी म्हटलं, मी तुमच्यासमोर कधी रडले?

९ एप्रिल

एकच अडचण. अपूर्वाला पार्कातले आणि नाल्याकाठचे सातभाई सापडले, तिनं त्यांचं रक्त तपासलं. त्यांच्यातही शिसं आहे, पण थोडं. दिल्लीत सगळ्यांतच असतं म्हणे. मरण्याइतकं फक्त माझ्या अंगणातल्यांत. ती म्हणाली, याचा मला नीट अर्थ लागत नाही. मी म्हटलं, वारा माझ्याकडेच येतो.

तिच्याच सांगण्यावरून आम्ही माणसांचंही रक्त द्यायचं ठरवलं. मी, सूर्यकांतरावांच्या पत्नी विजयालक्ष्मी आणि भिंतीलगत दिवसभर खुर्ची टाकून बसणारा आमचा चौकीदार. तिघांचं रक्त दिलं. केसलाही उपयोग होईल.

आज कपबशी हातातून सुटली. मनगटात जीवच नव्हता.

१४ एप्रिल

जयंती. पांढरी साडी नेसून गेले. वंदनेला खाली बसले आणि उठता येईना. मैत्रीनं काखेत हात घालून उठवलं. बायका म्हणाल्या, दुःखानं वाळलीस गं शेवंता. मीही तेच समजते. वर्षभर माणूस आतून झिजतं, तर पोट, हात, पाय कसे राहतील.

मैत्री घरी आल्यावर रागावली. तिचा राग बाबांसारखा, आवाज खाली जातो. "तू दोघांचा स्वयंपाक करतेस आणि उरलेलं खातेस. तुझं स्वतःचं ताट कधी वाढतेस?" रात्रीसाठी भात कालवला.

१७ एप्रिल

रक्ताचे अहवाल आले.

चौकीदाराच्या रक्तात शिसं जवळजवळ नाही. विजयालक्ष्मींच्या रक्तात आहे, असू नये इतकं. माझ्या रक्ताचा आकडा पाहून प्रयोगशाळेनं स्वतः फोन केला, लगेच डॉक्टरकडे जा म्हणून.

मी अहवाल घेऊन मागच्या दारात बसले. समोर भिंत, भिंतीला टेकून चौकीदार. तो बारा महिने तो धूर खातो. मी घरात असते, दारं लावून. मग त्याच्यात नाही आणि माझ्यात का?

अपूर्वाचा फोन आला तेव्हा मी हेच तिला म्हणाले. ती जपून बोलली. "काकू, तुम्ही आणि तुमचे सातभाई, दोघं मिळून असं काय खाता जे चौकीदार खात नाही?"

मी फोन बंद केला नाही, तसाच ओट्यावर ठेवला आणि पातेल्यात बोट फिरवलं. बोट काळं झालं. ताक ज्या रेषेपर्यंत येतं तिथे आत एक करडा पट्टा दिसत होता. जानेवारीत कल्हई केली तेव्हाच ती चांदीसारखी लखलखली नव्हती, जरा निळसर, मंद होती. तेव्हा मला वाटलं, दिल्लीची कल्हई अशीच असेल.

फोनमधून ती काकू, काकू म्हणत होती.

१८ एप्रिल

अपूर्वा ऑफिसातून धातू तपासायचं यंत्र घेऊन आली. पिस्तुलासारखं दिसतं, पातेल्याच्या आत धरलं आणि आकडे आले. कल्हईत कथलापेक्षा शिसंच जास्त. कथील महाग, शिसं स्वस्त, म्हणून मिसळतात. त्यात आंबट ताक रात्रभर ठेवलं की शिसं भातात उतरतं. रोज रात्री मी ते माझ्या हातानं उतरवलं.

पहिला विचार आला तो वाल्मीक यांचा. मग आठवलं, कल्हई ते गेल्यावरची. त्यांनी यातला एक घासही खाल्लेला नाही. हे मी तीनदा स्वतःला सांगितलं. सातभाईंना सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

अपूर्वा म्हणाली, तुम्हाला काय माहीत होतं. खरं आहे. पण मेले ते मेले.

दुसरा विचार दुपारी आला आणि मी उठूनच बसले. कल्हईवाल्याला गेटवरून आत मीच बोलावलं होतं. एका पातेल्यासाठी कशाला, म्हणून सोसायटीतल्या आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या बायकांना मीच हाका मारल्या. सगळ्यांनी आईची, सासूची पितळी भांडी बाहेर काढली. दिल्लीत कल्हईवाला मिळतो कुठे, म्हणून सगळ्या खूश होत्या, चहा केला होता मी. ती भांडी आज त्या घरांत चुलीवर आहेत. विजयालक्ष्मींच्या रक्तात का आलं ते कळलं.

सूर्यकांतरावांना जाऊन सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, हे २१ तारखेनंतर बोलू. आधी पाहणी होऊ दे, शेडला सील लागू दे. आपणच सांगितलं की पक्षी घरच्या भांड्यानं मेले, तर राघव उद्या पेढे वाटेल.

"वहिनी, फक्त तीन दिवस. धूर तर खरा आहे ना? शिसं तर तिथेही आहे ना?"

"आहे. पण तीन दिवसांत घरोघरी तीनदा आमटी होईल, भाऊ."

ते म्हणाले, तुम्ही भावनेच्या भरात आहात. मी घरी आले. भावनेचा भर असा असतो का, ते मला माहीत नाही. मला फक्त कुठल्या दारापासून सुरुवात करायची ते ठरवायचं होतं.

१९ एप्रिल

त्यांच्याच दारापासून केली.

विजयालक्ष्मींनी दार उघडलं. सूर्यकांतराव पेपर घेऊन बसले होते, त्यांनी पेपर खाली केला नाही. मी सगळं सांगितलं, माझं रक्त, त्यांचं रक्त, पातेलं. त्या ऐकत उभ्या राहिल्या. मग आत गेल्या आणि आईचं पितळी पातेलं घेऊन आल्या. त्यात आमटी होती, चिंचगुळाची, अजून वाफ येत होती.

"यांना याच पातेल्यातली लागते," त्या म्हणाल्या. "स्टीलमध्ये चव येत नाही म्हणतात. रोज दोन वाट्या."

विजयालक्ष्मींनी आमटी मोरीत ओतली. पातेलं माझ्या हातात दिलं आणि पायात चपला घातल्या. "चला, तुम्हाला जिने चढवत नाहीत. वरच्या मजल्यांवर मी जाते."

दुपारपर्यंत दोघी फिरलो. कुणी हसलं, कुणी घाबरलं. एक जण म्हणाली, कल्हई चांगली म्हणून तुम्हीच तर सांगितलं होतं. हो म्हटलं, मीच. आता वाईट म्हणूनही मीच सांगते आहे. भांडी सगळ्यांनी दिली. मैत्री आली तेव्हा माझ्या हॉलमध्ये पितळेचा ढीग होता आणि मी त्याच्यापाशी चटईवर झोपले होते. तिनं उठवलं नाही. मऊ वरणभात केला, माझं ताट वाढलं आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली.

२१ एप्रिल

पाहणी झाली.

नाल्याकाठी टेबल मांडलं होतं. अधिकारी तरुण होते, हातात फाइल. सूर्यकांतराव माझ्याशी बोलले नाहीत, पण आले होते. नाल्यापलीकडे राघव आणि त्याची माणसं उभी होती. मला ठाम बोला म्हणून सांगितलं होतं, तशी बोलले. हिंदीत, जमेल तसं. पिशवीतून पातेलं काढून टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की माझ्या अंगणातले पक्षी या भांड्यानं मेले. धुरानं नाही. तक्रारीत जे लिहिलं आहे ते मला तेव्हा खरं वाटत होतं, आता वाटत नाही.

त्यांनी फाइल मिटली. विचारलं, तर तक्रार मागे घेता का?

मी म्हटलं, पक्ष्यांची मागे घेते. मातीची नाही. हे बघा, एवढ्याशा कल्हईतल्या शिशानं माझे हात गेले. तिथे ते पोत्यांनी वितळतं. नाल्याची माती तपासा, आणि ती माणसं उघड्या हातांनी काम करतात त्यांचं रक्त तपासा. जे निघेल ते निघेल. मी आधीच ठरवून आलेले नाही.

त्यांनी पातेल्यावरचं नाव वाचलं. मग बरोबरच्या माणसाला बाटल्या आणायला सांगितलं. मातीचे नमुने घेतले.

निघताना सूर्यकांतराव जवळून गेले. थांबले. "माझं रक्त कुठे द्यायचं?" एवढंच विचारलं.

२९ एप्रिल

इस्पितळात तीन दिवस राहून आले. गोळ्या सुरू आहेत. डॉक्टर म्हणाले, हाडातलं सगळं निघणार नाही. ते राहील. त्याच्यासकट जगायचं. म्हटलं, ते मला येतं.

राघव आज गेटवर आला. मातीत शिसं निघालं, शेड बंद झाली आहे. आत यायला तयार नव्हता. फाटकाबाहेरूनच बोलला.

"अम्मा, आपने हमें बचाया कि मारा?"

त्याच्या घरात चूल त्या शेडवर पेटायची, हे खरं. तो पोट दाबून उठतो, हेही खरं. त्याला म्हटलं, आधी रक्त दे, मग विचार. मैत्रीच्या गाडीत बसवून त्याला आणि त्याच्या बायकोला घेऊन गेलो. बायको कडेवरच्या लेकीला सुईपासून लपवत होती. शेवटी त्या लेकीचंही घेतलं.

परतताना मैत्री गाडी चालवत होती. मग म्हणाली, याच्यासाठी दुसरं काम काय बघता येईल ते आपण बघू. आवाज खाली होता, पण राग नव्हता.

१० मे

राघवचं रक्त वाईट आलं, माझ्याहून वाईट. उपचार सुरू केले. लेकीचं बरं आहे. तो अजून माझ्याशी सरळ बोलत नाही. बोललाच पाहिजे असं नाही. पुढची तारीख चुकवली तर मात्र मी त्याच्या दारात जाऊन बसणार आहे.

अपूर्वा म्हणाली, सातभाईंना भात घालूच नका. त्यांना शोधून खाता येतं, फक्त अंगण झाडू नका. मातीच्या कुंडीत पाणी ठेवा. सफाईवालीला सांगितलं, कडुलिंबाखालचा पाचोळा तसाच राहू दे. ती म्हणाली, सोसायटी ओरडेल. म्हटलं, अध्यक्षांना विचारून घेतलंय. खरंच विचारलं होतं.

१८ मे

सकाळी पाचोळ्यात खसखस ऐकू आली. दारातून बघितलं. उरलेले चार आणि त्यांच्याबरोबर कुठून तरी आलेला एक नवा. पानं उडवत, किडे काढत, एकमेकांवर ओरडत होते. माझ्याकडे बघितलंही नाही. भाताची वाट कुणी बघत नव्हतं.

तांदूळ धुवायला घेतले. हात सवयीनं दोन वाट्यांकडे गेला. एक परत डब्यात टाकली. एका वाटीचा भात केला, ताजा, आणि ताट वाढून टेबलाशी बसून जेवले. वाल्मीक यांच्या जागेवर नाही. माझ्या.

भांडी सगळ्यांची परत गेली आहेत, वापरायची नाहीत असं बजावून. माझं पातेलं इथेच आहे, खिडकीत, पालथं, नाव बाहेरच्या बाजूला.

हे लिहिता लिहिता गल्लीतून हाक येते आहे. "कलई करवा लो, कलई।" तोच आवाज. जानेवारीत चहा पिऊन मला दुवा देऊन गेला होता. गेले महिनाभर मी गेटवर सांगून ठेवलं होतं, तो आला की हाकलू नका, मला बोलवा. तो ते शिसं भट्टीवर वितळवतो, त्याच्या नाकाखाली. त्याचं रक्त माझ्याहून बरं कसं असेल?

विजयालक्ष्मींना खिडकीतून हाक मारली आहे. पातेलं घेते आणि बाहेर जाते.